फर्मवेअर अद्ययावत केल्यापासून वीज जाऊन आली की वाय-फाय दिसते, इंटरनेट मात्र नाही

प्रतापनगरकर | २५ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेले आठ दिवस घरच्या राउटरने मला जेरीस आणले आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. संगणकाची भीती वाटत नाही, पण नेटवर्किंगमधले मला कळते ते एवढेच, की दिवा हिरवा असला म्हणजे बरे. म्हणून घडले तसे क्रमाने लिहितो. पाल्हाळ वाटल्यास सांभाळून घ्यावे.

घरात फायबरचे कनेक्शन आहे. कंपनीचा पांढरा डबा, म्हणजे ओएनटी, दिवाणखान्यात दाराच्या वर लावलेला आहे आणि त्यातून निघालेली केबल माझ्या स्वतःच्या राउटरला जाते. हा राउटर मी तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या बर्डीवरून घेतला. दोन्ही बँडचा आहे, आणि कंपनीशी जोडणीसाठी लागणारे पीपीपीओईचे युजरनेम-पासवर्ड त्यातच भरलेले आहेत. तीन वर्षांत त्याने तक्रारीला जागा दिली नव्हती. १७ तारखेच्या रात्री मोबाइलमधल्या ॲपने नवे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, आल्याचे कळवले, मी होकार दिला, पाच-सहा मिनिटांत राउटर आपोआप बंद होऊन सुरू झाला आणि सगळे पूर्ववत चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या भागातली वीज गेली आणि वीसेक मिनिटांनी आली. तेव्हापासून मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, राउटरवरचा इंटरनेटचा दिवा हिरवा, आणि तरीही एकही संकेतस्थळ उघडेना. राउटर बंद-चालू केला, केबल काढून पुन्हा लावली, ओएनटी दहा मिनिटे बंद ठेवला, तरी फरक पडला नाही. शेवटी टाचणीने रीसेटचे बटण दाबून सगळ्या सेटिंग्ज नव्याने भरल्या, तेव्हा इंटरनेट सुरू झाले. मला वाटले, सुटलो. दोन दिवसांनी पुन्हा वीज गेली आणि पुन्हा तेच. आतापर्यंत तीन वेळा रीसेट करून झाले आहे. ग्राहक सेवेला फोन केला, तर आमच्या बाजूने लाइन व्यवस्थित आहे आणि राउटर तुमचा स्वतःचा असल्याने त्यात आम्ही लक्ष घालू शकत नाही, असे उत्तर मिळाले.

एक गोष्ट विचित्र वाटली म्हणून सांगतो. घरात सगळ्यांचे इंटरनेट बंद असतानाही मुलीचा ऑफिसचा लॅपटॉप त्याच वाय-फायवर सुरळीत चालतो. ती वरच्या खोलीत बसून मीटिंग करते आणि आम्ही खाली गोल फिरणारे चक्र पाहत बसतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आजच लागला आहे, म्हणजे वीज आणखी जाणार. काही सुचवावे ही विनंती.

बर्डीवाला | २५ मे, रात्री १०.१५

प्रतापनगरकर साहेब, माझे दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे आधी हार्डवेअरकडे पाहण्याची सवय आहे. राउटर ठेवला कुठे आहे? बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात कार्यकारी तापमान ० ते ४० अंश असे दिलेले असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर नसलेल्या खोलीत कपाटाच्या वर ठेवलेला राउटर ती मर्यादा सहज ओलांडतो. दुसरे म्हणजे अडॅप्टर तपासा. राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिले असेल आणि आपण कधीतरी बदली म्हणून १ अँपिअरचा लावला असेल, तर राउटर सुरू होतो, दिवे लागतात, पण भार आला की गडबडतो. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या राउटरपैकी निम्म्यांत दोष अडॅप्टरचाच निघतो.

जालतंत्री | २५ मे, रात्री ११.०५

बर्डीवालांनी सांगितलेले तपासावेच, पण अडॅप्टर कमजोर असता तर मुलीचा लॅपटॉपही बंद पडला असता. फक्त एक यंत्र चालते आणि बाकीची चालत नाहीत, हाच या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धागा आहे, आणि तो साहेबांनी शेवटी सहज म्हणून लिहिला आहे.

फर्मवेअर बदलल्यानंतर माझी पहिली शंका एमटीयूवर, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकारावर, असते. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेते, म्हणून वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, एमटीयू १४९२ असावा लागतो. नव्या फर्मवेअरने तो परत १५०० केला, तर लहान पाकिटे जातात, मोठी वाटेत गळतात, आणि काही संकेतस्थळे उघडतात तर काही अर्ध्यावर लटकतात. पुढच्या वेळी इंटरनेट बंद असेल तेव्हा रीसेट करू नका. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन गोष्टी करा:

पहिली, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्याला साधे पिंग, म्हणजे उत्तर येते का हे पाहण्यासाठी मारलेली हाक. दुसरी, त्याच पत्त्याला तुकडे न करण्याच्या अटीवर १४६४ बाइटचे पिंग (यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवले की १४९२ होतात). तिसरी, नावाचा पत्ता शोधणारी एनएसलुकअप ही आज्ञा लिहून पुढे कोणत्याही परिचित संकेतस्थळाचे नाव. तिन्हींचे उत्तर इथे लिहा.

प्रतापनगरकर | २६ मे, दुपारी ४.५०

बर्डीवाला भाऊ, राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी आहे आणि अडॅप्टर डब्यासोबत आलेला मूळचाच आहे, १२ व्होल्ट १.५ अँपिअरचा.

जालतंत्री, आज दीड वाजता वीज गेली, पाऊण तासाने आली आणि इंटरनेट अपेक्षेप्रमाणे गेलेलेच. मुलगी जेवायला खाली आली तेवढ्यात तिचा लॅपटॉप मिळवून आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी केल्या. ८.८.८.८ कडून चारही उत्तरे आली. १४६४ बाइटचे पिंगही गेले; कुतूहल म्हणून १४६५ करून पाहिले, तर ते अडले. एनएसलुकअपनेही नाव विचारताच पत्ता दिला. म्हणजे सगळे ठीक आहे आणि तरीही मोबाइलवर काहीच उघडत नाही. आता मला वेड लागायचे बाकी आहे.

नवा_पाहुणा | २६ मे, सायंकाळी ५.३०

एवढा खटाटोप कशाला? कंपनीच्या संकेतस्थळावर जुने फर्मवेअर मिळते, ते परत टाकावे आणि पुन्हा कधी अद्ययावत करू नये. चालत्या गाडीला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त_तारवाला | २६ मे, सायंकाळी ६.१०

नवा_पाहुणा यांच्याशी असहमत आहे. राउटर हा घरातला असा संगणक आहे जो चोवीस तास इंटरनेटला थेट जोडलेला असतो आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला, तेव्हा किमान ५४ देशांतील किमान ५ लाख राउटर आणि साठवणुकीची उपकरणे त्याने बाधित झाल्याचा अंदाज होता, आणि त्याने घेतलेला फायदा प्रामुख्याने जुन्या, माहीत असलेल्या त्रुटींचा होता. जुन्या फर्मवेअरवर परत जाणे म्हणजे बुजवलेली भोके पुन्हा उघडणे. शिवाय अनेक राउटर जुनी आवृत्ती स्वीकारतही नाहीत, आणि हार्डवेअरची आवृत्ती न पाहता भलतीच फाइल टाकली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो कायमचा निकामी होतो. चिकटपट्टीवर नावापुढे व्ही १ आहे की व्ही २, हे न वाचता फाइल उतरवणारे लोक मी पाहिले आहेत.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्य काढले. दोष सापडण्याआधी उपकरण बदलायचे नाही, हा आमचा शिरस्ता होता.

जालतंत्री | २६ मे, रात्री ९.२०

साहेब, वेड लागू देऊ नका, आपण फार उपयोगी माहिती दिली आहे, आणि चूक माझी आहे. चाचण्या कोणत्या यंत्रावर करायच्या हे मी सांगितले नाही. जे यंत्र आजारी नाही त्याचीच नाडी आपण पाहिली.

तरीही दोन गोष्टी निश्चित झाल्या. १४६४ जाते आणि १४६५ अडते, म्हणजे एमटीयू नेमका १४९२ आहे आणि माझी पहिली शंका चुकीची होती. ८.८.८.८ उत्तर देते, म्हणजे ओएनटी, पीपीपीओई आणि वाय-फाय ही सगळी साखळी शाबूत आहे. उरले ते नावांचे पत्ते शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस.

आता एनएसलुकअपचे उत्तर पुन्हा पाहा. पत्त्याच्या आधी, अगदी वर, 'सर्व्हर' असा शब्द आणि पुढे एक आकडा येतो. तो आकडा काय होता? मग तीच आज्ञा पुन्हा द्या, मात्र संकेतस्थळाच्या नावानंतर एक जागा सोडून राउटरचा पत्ता लिहा. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असेल. याने लॅपटॉप खास राउटरलाच प्रश्न विचारतो.

प्रतापनगरकर | २६ मे, रात्री १०.०५

अजून रीसेट केलेले नाही, त्यामुळे लगेच पाहता आले.

सर्व्हरपुढे ८.८.८.८ आहे. मुलीला विचारले, तर ऑफिसच्या माणसाने लॅपटॉप देतानाच तो आकडा हाताने भरला होता. राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आहे, तो लिहून विचारले, तर दोन-दोन सेकंद थांबून 'वेळ संपली' अशा अर्थाच्या ओळी आल्या आणि शेवटी काहीच मिळाले नाही.

जालतंत्री | २६ मे, रात्री १०.३०

सापडले, निदान अर्धे तरी. मोबाइल, टीव्ही आणि घरातली बाकी सगळी यंत्रे नावाचा पत्ता राउटरला विचारतात आणि राउटर मुका झाला आहे. मुलीचा लॅपटॉप राउटरला वळसा घालून थेट बाहेर, ८.८.८.८ ला, विचारतो, म्हणून तो चालतो.

राउटर मुका का होतो, आणि तोही वीज गेल्यावरच का, हा उरलेला अर्धा भाग. त्यासाठी राउटरच्या पानावर सिस्टिम लॉग, म्हणजे नोंदवही, शोधा. सहसा प्रगत सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम टूल्स'खाली असते. वीज आल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी वाचा आणि विशेषतः डाव्या बाजूला छापलेली तारीख व वेळ मला सांगा. आणखी एक प्रश्न, कृपया आठवून उत्तर द्या: फर्मवेअर बदलल्यानंतर आपण स्वतः कोणती नवी सोय चालू केली होती का?

प्रतापनगरकर | २७ मे, सकाळी ७.१५

रात्री झोप आली नाही, म्हणून पहाटे उठून नोंदवही पाहिली.

प्रत्येक ओळीपुढे १ जानेवारी १९७० ही तारीख आहे. पहिली ओळ पहाटे ५.३० ची, आणि पुढच्या ओळी त्यानंतर काही सेकंदांच्या अंतराने. मध्येच पीपीपीओई जोडले गेल्याची नोंद आहे. त्यानंतर दोन ओळी आलटून पालटून शेकडो वेळा आल्या आहेत. एकीचा अर्थ प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही असा, आणि दुसरीचा अर्थ वेळेच्या सर्व्हरचे नाव सापडले नाही असा काहीसा लागतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाने मला अपराधी वाटते आहे. १८ तारखेच्या सकाळी मी कुतूहलाने नवी पाने चाळली होती. तिथे 'सुरक्षित डीएनएस' असे नवे बटण दिसले, खाली खासगीपणा जपण्याविषयी काहीतरी लिहिले होते, आणि सुरक्षिततेला नाही कशाला म्हणा, म्हणून मी ते चालू केले. दुपारपर्यंत सगळे व्यवस्थित चालले, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध असेल हे ध्यानातही आले नाही. प्रत्येक रीसेटनंतर इतर सेटिंग्ज भरताना ते बटण मी न चुकता पुन्हा दाबत आलो आहे. पहिल्याच लेखनात सांगायला हवे होते, क्षमस्व.

निवृत्त_तारवाला | २७ मे, सकाळी ८.००

झिरो माइलच्या गावात राहून घड्याळ शून्यावर जावे, हे शोभून दिसते.

जालतंत्री | २७ मे, सकाळी ९.४५

क्षमस्व कशाला? लोक अशी गोष्ट शेवटपर्यंत कबूल करत नाहीत. आता काय होते ते सविस्तर लिहितो.

मोबाइलमध्ये किंवा संगणकात वीज नसतानाही एक छोटे घड्याळ चालू राहते. संगणकाच्या मदरबोर्डवर त्यासाठी नाण्याएवढी बॅटरी असते. घरगुती राउटरमध्ये खर्च वाचवण्यासाठी बहुधा असे घड्याळ नसतेच. वीज गेली की राउटर वेळ विसरतो, आणि परत आली की युनिक्स या संगणक प्रणालीच्या प्रथेप्रमाणे शून्यापासून, म्हणजे जागतिक वेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजायला लागतो. आपल्या राउटरला भारतीय वेळ माहीत आहे, ती साडेपाच तास पुढे आहे, म्हणून पहिली ओळ पहाटे ५.३० ची दिसली. ५.३० हा आकडा वाचला तेव्हाच माझी खात्री पटली.

खरी वेळ राउटर इंटरनेटवरून एनटीपी नावाच्या पद्धतीने मागून घेतो. ही पद्धत १९८५ पासूनची आहे आणि ती अगदी साधी आहे, तिला प्रमाणपत्र वगैरे काही लागत नाही. पण वेळेचा सर्व्हर राउटरमध्ये नावाने नोंदलेला असतो आणि नावाचा पत्ता हवा तर डीएनएस हवे. पूर्वी आपले डीएनएस साधे होते, ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून उघड्या पोस्टकार्डासारखे जाणारे. त्याला आजची तारीख काय आहे याच्याशी देणेघेणे नसते. पत्ता मिळायचा, वेळ मिळायची, काही सेकंदांत घड्याळ लागायचे आणि आपल्याला कळायचेही नाही की मधला अर्धा मिनिट राउटर १९७० मध्ये होता.

सुरक्षित डीएनएस हे बंद पाकिटातून जाते, सहसा ८५३ या पोर्टवरून (ही पद्धत २०१६ मध्ये प्रमाणित झाली). पाकीट योग्य हातात दिले का, हे राउटर समोरच्याचे प्रमाणपत्र पाहून ठरवतो. त्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत वैध अशा दोन तारखा असतात. राउटरच्या मते आज १९७० साल आहे, प्रमाणपत्र सुरू होते या दशकात, म्हणजे ते अजून लागूच झालेले नाही. राउटर ते नाकारतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे.

म्हणजे वेळ कळण्यासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी प्रमाणपत्र पटायला हवे, आणि प्रमाणपत्र पटण्यासाठी वेळ हवी. तिघेही एकमेकांच्या दाराशी 'आधी तुम्ही' म्हणत उभे आहेत. रीसेट केल्यावर चालते ते यामुळे, की सुरुवातीच्या मांडणीत ॲप मोबाइलमधली वेळ राउटरला देऊन टाकते. आपण त्यानंतर सुरक्षित डीएनएस चालू करता, घड्याळ तोवर बरोबर असते, आणि पुढची वीज जाईपर्यंत संसार सुखाचा चालतो. नुसते बंद-चालू केल्याने काही होत नाही, कारण त्यात घड्याळ पुन्हा शून्यावरच जाते.

खरे तर चांगल्या फर्मवेअरने सुरुवातीची वेळ साध्या डीएनएसने विचारून घ्यायला हवी, किंवा शेवटची माहीत असलेली वेळ साठवून तिथून मोजायला हवे. तशी सोय असलेली फर्मवेअर आहेत. आपल्या राउटरच्या लेखकांनी एवढा विचार केलेला दिसत नाही. आपले बटण दाबणे चूक नव्हते.

उपाय दोन. सोपा म्हणजे सुरक्षित डीएनएस बंद करणे. दुसरा, जो मी स्वतः करीन, तो म्हणजे वेळेच्या सर्व्हरच्या रकान्यात नावाऐवजी सरळ आकडे लिहिणे, म्हणजे डीएनएसची गरजच उरत नाही. गूगलच्या वेळ-सेवेचे २१६.२३९.३५.० आणि २१६.२३९.३५.४ असे जाहीर पत्ते आहेत. दोन्ही रकाने भरा. एका रकान्यात गूगलचा आणि दुसऱ्यात भलत्याच सेवेचा पत्ता मात्र घालू नका. लीप सेकंद, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून मिळवला जाणारा जादा सेकंद, आला की गूगल तो दिवसभरात थोडा थोडा वाटून देते आणि इतर काही सेवा तो एकदम देतात, त्यामुळे त्यांचे एकमेकांशी जमत नाही. घरच्या राउटरला याने फरक पडणार नाही, पण सवय चांगली असावी.

सिव्हिल_लाइन्स | २७ मे, सकाळी ११.२०

धागा वाचते आहे, फार उपयुक्त चर्चा. माझाही राउटर गेल्या महिन्यात अद्ययावत झाला आणि तेव्हापासून ऑफिसमधला जुना प्रिंटर वाय-फायला जोडला जात नाही. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा आहे असे म्हणतो. मी वकिली करते, सकाळी कोर्टात जाण्याआधी कागद छापून हवे असतात, आणि सध्या पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात धावते. घड्याळाचा आणि याचा काही संबंध आहे का?

जालतंत्री | २७ मे, दुपारी १२.१०

ताई, संबंध नाही. विषय निराळा असला तरी फर्मवेअरनंतरचाच आहे, म्हणून इथेच थोडक्यात लिहितो. वाय-फाय सुरक्षिततेच्या पानावर बहुधा डब्ल्यूपीए ३ किंवा डब्ल्यूपीए २/३ मिश्र असे आपोआप निवडले गेले असेल. डब्ल्यूपीए ३ हे २०१८ मधले आहे. त्याआधीचे अनेक प्रिंटर मिश्र पद्धतीतही गोंधळतात आणि गोंधळले की पासवर्डलाच दोष देतात. मुख्य जाळे तसेच राहू द्या. पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे २.४ गिगाहर्ट्झवर, फक्त डब्ल्यूपीए २ ठेवून सुरू करा आणि प्रिंटर त्यावर घ्या. पाहुण्यांच्या जाळ्याला घरातल्या इतर यंत्रांशी बोलू देण्याची परवानगी असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका, नाहीतर प्रिंटर जोडला जाईल पण लॅपटॉपला दिसणार नाही.

प्रतापनगरकर | २७ मे, सायंकाळी ७.३०

जालतंत्री भाऊ, आपले लेखन मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. 'आधी तुम्ही'पर्यंत त्यांनी ऐकले आणि मग म्हणाल्या, म्हणजे लखनौ झाले.

दोन्ही पत्ते भरले. त्यानंतर वीज जाण्याची वाट न पाहता मीच मेन स्विच पाडला, पाच मिनिटे थांबलो आणि परत चालू केला. निकाल अर्धा चांगला आहे. पहिली दहा मिनिटे पूर्वीसारखेच काही उघडले नाही आणि मी हताश होऊन इथे तसे लिहायलाही बसलो होतो. तेवढ्यात मोबाइल स्वतःहून टणटणू लागला, अडकलेले सगळे निरोप एकदम आले. नोंदवहीत १९७० च्या ओळी ५.४० पर्यंत आहेत आणि त्यापुढची ओळ आजची. मेन स्विच आणखी एकदा पाडला, तरी हेच घडले, पुन्हा दहा मिनिटे. हे दहा मिनिटांचे काय गौडबंगाल आहे?

निवृत्त_तारवाला | २७ मे, रात्री ८.१५

याचे उत्तर मी देतो, कारण हा प्रश्न वायरिंगचा आहे. वीज आली की राउटर आणि ओएनटी दोघेही एकदम उठतात, पण ओएनटीला पलीकडच्या उपकरणाशी ओळख पटवून घ्यायला वेळ लागतो. पॉन लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो तोवर मिनिट-दोन मिनिटे जातात. राउटर त्याआधीच जागा होऊन वेळ विचारतो, बाहेरचा रस्ता बंद असतो, आणि मग तो ठरलेल्या अंतराने पुन्हा प्रयत्न करतो. आपल्या राउटरचे ते अंतर दहा मिनिटांचे दिसते. खात्री करायची असेल तर फक्त राउटरची पिन काढून परत लावा, ओएनटीला हात लावू नका.

प्रतापनगरकर | २७ मे, रात्री ८.५०

फक्त राउटर बंद-चालू केला. दीड मिनिटात सगळे सुरू झाले. आपले बरोबर आहे.

बर्डीवाला | २७ मे, रात्री ९.३०

मग आता माझ्या दुकानातला उपाय ऐका. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, ज्यात लिथियमची बॅटरी असते आणि १२ व्होल्ट थेट बाहेर येतात. तो ओएनटीला लावा. ओएनटी झोपलाच नाही, तर राउटर उठेल तेव्हा रस्ता तयार असेल. दोन्ही उपकरणांना एकच यूपीएस हवा असेल तर दोन तोंडांचा घ्या, मात्र दोघांचे अँपिअर मिळवून पाहा आणि ओएनटीचा व्होल्टेज १२ च आहे ना, तसेच पिनमध्ये आतला भाग धन आहे ना, हे चिकटपट्टीवरची खूण पाहून ठरवा. घाईत ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ ची पिन खुपसून आणलेले लोकही माझ्याकडे येतात. घरात इन्व्हर्टर असेल आणि तो साध्या मोडवर असेल, तर तो यूपीएस मोडवर करून पाहा. साध्या मोडवर बदल होताना पंख्याला कळत नाही, पण राउटर मात्र दचकून पहिल्यापासून सुरू होतो.

नवा_पाहुणा | २७ मे, रात्री १०.००

जुन्या फर्मवेअरचा माझा सल्ला मागे घेतो. माझ्या राउटरमध्येही हे बटण आहे आणि मी ते आताच पाहिले, बंद होते. चालू करण्याआधी वेळेचे आकडे भरले.

सिव्हिल_लाइन्स | २८ मे, सकाळी ९.०५

जालतंत्री, प्रिंटर जोडला गेला. परवानगीची खूण मी पहिल्या वेळी विसरलेच होते, आपण लिहिले नसते तर आज पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेले असते. धन्यवाद.

प्रतापनगरकर | ३० मे, सायंकाळी ५.२०

बर्डीवरून दोन तोंडांचा यूपीएस आणला. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे निघाले, दोघांचे मिळून अडीच अँपिअर होतात आणि यूपीएस तीनचा आहे. आज सव्वातीनला वीज गेली ती चारला आली. कूलर बंद, पंखा बंद, आम्ही दोघे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि मुलगी वर मीटिंगमध्ये बोलते आहे हे ऐकू येत होते. आमचे मोबाइलही चालू होते. आताच नोंदवही पाहिली. आजच्या तारखेत खंड नाही, १९७० ची एकही ओळ नाही.

फक्त यूपीएसचा निळा दिवा रात्री फार डोळ्यांवर येतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे.